राष्ट्रपतींच्या घरात काय पाहावं?

९ ऑगस्ट १९४२च्या पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली आणि त्यांना एका खास गाडीत बसवण्यात आलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं. कार्यकारिणीच्या सदस्यांना घेऊन गाडी पुढे निघाली, ती नगरला येऊन थांबली. तिथल्या भुईकोट किल्ल्यात बारा जण बंदिस्त झाले. नेहरू, पटेल, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव ही त्यातली काही नावं. काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद हेही त्यांच्यातच होते. त्या काळी काँग्रेसच्या अध्यक्षाला लोक राष्ट्रपती म्हणत. म्हणजे प्रजासत्ताकाला पहिला राष्ट्रपती मिळण्याच्या आठ वर्षं आधी, लोकांनी ज्याला त्या नावानं हाक मारली तो माणूस आपल्या नगर जिल्ह्यात अडीच वर्षांहून अधिक काळ कैदेत होता. आणि जे पुढे खरोखर पहिले राष्ट्रपती झाले ते राजेंद्रप्रसादही याच कार्यकारिणीचे सदस्य होते. आजारपणामुळे ते मुंबईला आले नव्हते, म्हणून त्यांचा तुरुंग पाटण्यातला बांकीपूर ठरला. प्रकृती बरी असती तर कदाचित त्यांचाही मुक्काम नगरला पडला असता.

आपल्या अकोले तालुक्यातून नगर शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली निघतात, एसटीच्या गाड्या सवलतीत मिळतात, रायगड होतो, वेरूळ-अजिंठा होतं, महाबळेश्वर होतं. नगरच्या किल्ल्याकडे गाडी फारशी वळत नाही. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, आत जायला ओळखपत्र आणि नोंद लागते, ही एक अडचण. पण खरी अडचण वेगळी आहे. तिथे जाऊन काय पाहायचं, हेच आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. मोठ्या माणसाचं घर म्हटलं की पलंग, चष्मा, काठी, जेवणाचं ताट आणि भिंतीवर परदेशी पाहुण्यांबरोबरचे फोटो, एवढीच आपली कल्पना. ते पाहून हात जोडायचे, बाहेर येऊन गटाचा फोटो काढायचा, पुढच्या ठिकाणी निघायचं.

माझं म्हणणं असं आहे की माजी राष्ट्रपतींच्या नावानं उभ्या असलेल्या वास्तूत पलंग आणि चष्मा ही पाहण्याची सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे. राष्ट्रपतींचं मुख्य काम सही करण्याचं असतं. त्यांनी कुठे सही केली, कुठे हात आखडता घेतला, सही करण्याआधी काय वाचलं, कुणाला पत्र लिहिलं, त्या सहीनं कुणाचं काय झालं, हे दाखवत नसेल तर ते संग्रहालय नसून देव्हारा आहे. देव्हाऱ्याला माझा विरोध नाही, पण त्याला सरकारी निधी लागत नाही आणि शाळेची सहलही लागत नाही.

ही मागणी रुक्ष वाटेल. म्हणून काही सह्या आठवून पाहू.

पहिली सही न झालेलीच म्हणायची. १९५१मध्ये हिंदू कोड बिल संसदेत अडकलं होतं. राजेंद्रप्रसादांना ते मान्य नव्हतं. सप्टेंबरमध्ये त्यांनी नेहरूंना कळवलं की बिल मंजूर झालंच तर संमती देताना आपण स्वतःच्या विवेकानं निर्णय घेऊ इच्छितो. प्रश्न फक्त एका कायद्याचा उरला नाही. मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे की नाही, हा नव्या राज्यघटनेपुढचा पहिला मोठा पेच झाला. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाडांचं मत घेतलं. त्याच महिन्यात, २७ सप्टेंबरला, हे बिल रखडल्याच्या मुद्द्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६मध्ये तोच विषय वेगवेगळ्या कायद्यांच्या रूपानं आला, तेव्हा राजेंद्रबाबूंनी सह्या केल्या. बिहारमधल्या जिरादेईचं त्यांचं वडिलोपार्जित घर जपलेलं आहे, पाटण्याच्या सदाकत आश्रमात ते निवृत्तीनंतर साधेपणानं राहिले आणि २८ फेब्रुवारी १९६३ला तिथेच वारले. हे साधेपण पाहायलाच हवं. पण त्या खोलीत ते पत्र आणि सेटलवाडांचं उत्तर समोरासमोर लावलेलं असेल तर पाहणाऱ्याला एक सज्जन माणूसही दिसेल आणि त्या सज्जन माणसाला राज्यघटनेनं कुठे थांबवलं तेही दिसेल.

दुसरी सही २५ जून १९७५च्या रात्रीची. राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठकच झालेली नव्हती. मंत्र्यांना ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. डिसेंबरमध्ये अबू अब्राहम यांचं एक व्यंगचित्र ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये आलं: राष्ट्रपती स्नानाच्या टबमध्ये बसलेत, तिथूनच कागद दाराबाहेर परत देतायत आणि आणखी अध्यादेश असतील तर थोडं थांबायला सांगतायत. देशाच्या सर्वोच्च पदाविषयी इतकं कडवट चित्र क्वचितच निघालं असेल. पुढे १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनं अशी घोषणा करण्याआधी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय राष्ट्रपतींना कळवणं सक्तीचं झालं. ती सही, ते चित्र आणि ती दुरुस्ती शेजारी शेजारी ठेवा. दहावीच्या मुलांना नागरिकशास्त्राचा धडा पाठ करायची गरज उरणार नाही.

मग राष्ट्रपती झैलसिंग. १९८६चं टपाल विधेयक सरकारला लोकांची पत्रं अडवण्याचा मोठा अधिकार देत होतं. संसदेनं ते मंजूर केलं. झैलसिंगांनी ना सही केली, ना ते परत पाठवलं. नुसतं ठेवून दिलं. विधेयक कधीच कायदा झालं नाही. १९९७मध्ये के. आर. नारायणन यांनी उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवट लावण्याची केंद्राची शिफारस फेरविचारासाठी परत पाठवली आणि मंत्रिमंडळानं ती सोडून दिली. उलट २००५च्या मे महिन्यात बिहार विधानसभा बरखास्त करण्याच्या शिफारशीवर डॉ. अब्दुल कलाम यांनी मॉस्कोतून, रात्री, सही केली. सर्वोच्च न्यायालयानं ती बरखास्ती घटनाबाह्य ठरवली. कलामांनी पुढे स्वतःच्या पुस्तकात लिहिलं की त्या वेळी त्यांनी राजीनाम्याचं पत्रही तयार केलं होतं.

आता रामेश्वरमला जाऊ. मशिदीच्या गल्लीतलं कलामांचं घर आज संग्रहालय आहे आणि आपल्याकडून दक्षिणेच्या यात्रेला जाणारे बहुतेक लोक तिथे डोकावतातच. गावाजवळ पेईकरुंबू इथे त्यांच्या दफनस्थळी संरक्षण संशोधन संस्थेनं स्मारक बांधलं, २७ जुलै २०१७ला त्याचं उद्घाटन झालं. प्रवेशद्वार इंडिया गेटसारखं, घुमट राष्ट्रपती भवनासारखा, आत अग्निबाण आणि क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती. नावाड्याच्या मुलानं दिल्ली गाठली, ही गोष्ट तिथे ठसते आणि ती ठसायलाच हवी. पण कलामांच्या आयुष्यात याहून शिकवणाऱ्या दोन तारखा आहेत. १० ऑगस्ट १९७९ला त्यांच्या नेतृत्वाखालचं एसएलव्ही-३ हे यान उपग्रहासकट समुद्रात कोसळलं. १८ जुलै १९८०ला त्याच प्रकारचं यान यशस्वी झालं. या दोन तारखांच्या मधल्या अकरा महिन्यांत काय तपासलं, काय बदललं, कुणी कुणाची जबाबदारी घेतली, हे दाखवलं तर आपल्या आश्रमशाळेतल्या पोराला यश कसं घडवतात ते कळेल. नुसता शेवट दाखवला तर यश म्हणजे नशीब, एवढंच तो घरी घेऊन जाईल. त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी लिहून ठेवलंय की नातेवाईक राष्ट्रपती भवनात राहायला आले तेव्हा त्यांचा साडेतीन लाखांच्या घरातला खर्च कलामांनी स्वतःच्या खिशातून भरला. अग्निबाणाच्या प्रतिकृतीइतकीच जागा त्या धनादेशालाही मिळायला हवी.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. लोक स्मारकात श्रद्धेनं जातात, तिथे वाद कशाला? गेलेल्या माणसाचे दोष काढणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. आदरावाचून कुणी शंभर मैल प्रवास करत नाही. पण आदर आणि माहिती एकमेकांचे वैरी आहेत, हे मला पटत नाही. ज्याच्या चुका झाकाव्या लागतात त्याच्याविषयीचा आदर फार काळ टिकत नाही. पहिल्या विरोधी पुस्तकाबरोबर तो गळून पडतो आणि मग माणूस दुसऱ्या टोकाला जातो. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या किती पुढाऱ्यांचं असं झालं ते व्हॉट्सअॅप उघडून बघा. जे आधीच उघड्यावर मांडलेलं असतं त्याचं कुणाला भांडवल करता येत नाही.

अमेरिकेला याचा अनुभव आपल्याआधी आला. तिथे माजी अध्यक्षांची घरं आणि ग्रंथालयं हा मोठा पसारा आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पदावर असतानाच आपले कागद देशाला द्यायचं ठरवलं आणि १९४१मध्ये हाइड पार्कच्या त्यांच्या घराशेजारी पहिलं अध्यक्षीय ग्रंथालय उघडलं. निक्सन १९७४मध्ये पायउतार झाले तेव्हा त्यांच्या ध्वनिफिती आणि कागद कुणाचे, हा प्रश्न पेटला. अखेर १९७८च्या कायद्यानं अध्यक्षांचे कामकाजाचे कागद जनतेच्या मालकीचे ठरले. निक्सन यांच्या समर्थकांनी १९९०मध्ये खासगी पैशातून त्यांचं ग्रंथालय उभारलं होतं, तिथे वॉटरगेटची गोष्ट निक्सन यांच्या सोयीनं सांगितलेली होती. २००७मध्ये ते राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आलं, जुनं प्रदर्शन काढलं गेलं आणि २०११मध्ये कागद आणि ध्वनिफितींच्या आधारानं नवं मांडलं गेलं. वाद झाला, समर्थक रागावले, पण लोक यायचे थांबले नाहीत. थॉमस जेफरसन यांच्या माँटिसेलो या घरातही हेच. माणसं जन्मतः समान आहेत असं लिहिणाऱ्या या माणसानं आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. त्यांच्यातल्याच सॅली हेमिंग्ज यांच्यावरचं दालन तिथे २०१८मध्ये सुरू झालं. कित्येक दशकं त्या घराची सहल या गुलाम माणसांचं नावही न घेता पुरी होत होती.

लिंकन यांच्या जन्मस्थळाची गोष्ट तर मजेशीर आहे. केंटकीत एका संगमरवरी मंदिरासारख्या इमारतीत लाकडी ओंडक्यांची खोपटी ठेवलेली आहे. लिंकन छप्पन वर्षं जगले म्हणून बाहेर छप्पन पायऱ्या. लोक पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावानं ती खोपटी पाहत आले. २००४मध्ये ओंडक्यांची वलयं तपासली तेव्हा सगळ्यात जुनी लाकडं १८४८च्या सुमाराची निघाली. लिंकन जन्मले १८०९मध्ये. तिथल्या राष्ट्रीय उद्यान खात्यानं ही गोष्ट लपवली नाही. खोपटी प्रतीकात्मक आहे, असं ते स्वतःच सांगतात. आपल्याकडे असं काही निघालं असतं तर आपण तपासणी करणाऱ्याचीच चौकशी लावली असती, अशी मला दाट शंका आहे.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. कागद मुलांना कंटाळवाणे वाटतात, मुलांना पाहायला वस्तू लागतात. अमेरिकेत इंडिपेंडन्स या गावी असलेल्या ट्रूमन ग्रंथालयात याला चांगलं उत्तर आहे. तिथे मुलांना अध्यक्ष आणि सल्लागारांच्या भूमिका देतात, त्या त्या दिवशीचे खरे गुप्त अहवाल हातात देतात आणि निर्णय घ्यायला सांगतात. अहवालात सगळं स्पष्ट नसतं, वेळ कमी असतो, सल्लागार भांडत असतात. मग ट्रूमननी प्रत्यक्षात काय केलं ते कळतं. आपल्या मुलांना झैलसिंगांच्या जागी बसवून विचारा: सरकारला तुमच्या घरचं पत्र फोडता यावं का? सही करशील की नाही, आणि का? वाडीवस्तीवरच्या पोरांनाही यावर बोलता येईल, कारण पत्राच्या जागी आज त्यांच्या हातात मोबाईल आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. ज्या तालुक्यात पावसाळ्यात शाळेचं छत गळतं तिथे स्मारकांवर पैसा का उधळायचा? नव्या इमारतींविषयी मी या आक्षेपाच्या पूर्ण बाजूनं आहे. आपल्याकडे स्मारकाचा अर्थ भूमिपूजन, मग निविदा, मग अर्धवट कंपाउंड असा झाला आहे. पण दोन राष्ट्रपतींच्या घरांनी वेगळी वाट दाखवली आहे. रामनाथ कोविंद यांनी उत्तर प्रदेशातल्या परौंख गावचं आपलं वडिलोपार्जित घर गावाच्या सार्वजनिक वापरासाठी देऊन टाकलं, तिथे मिलन केंद्र झालं. द्रौपदी मुर्मू यांनी राष्ट्रपती होण्याच्या कितीतरी आधी ओडिशातल्या पहाडपूरच्या सासरच्या घराच्या जागी आदिवासी मुलांसाठी निवासी शाळा सुरू केली. पती आणि दोन मुलगे गमावल्यानंतर त्यांच्याच नावानं. ही घरं पाहायला जाणारा माणूस काचेच्या कपाटासमोर उभा राहत नाही, चालू असलेल्या कामात शिरतो.

आपल्या तालुक्यातही असं एक घर आहे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांच्याकडे गावठी बियाण्यांची बँक आहे. ८ मार्च २०१९ला राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना नारीशक्ती पुरस्कार मिळाला, २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शाळा-कॉलेजची पोरं, शेतकरी, अधिकारी तिथे जातात. तिथला पाहुणा फोटोत राष्ट्रपती कोण ते विचारत बसत नाही. वालाचं बी, भाताचं बी, कोणतं कधी पेरायचं, राखेत कसं ठेवायचं, हे विचारतो आणि जमलं तर मूठभर बी मागतो. संग्रह जिवंत असणं म्हणजे काय, हे दिल्लीच्या कोणत्याही दालनापेक्षा त्या पडवीत लवकर कळतं. राष्ट्रपतींच्या संग्रहालयांचं बियाणं म्हणजे त्यांचे कागद. ते पेरले गेले, म्हणजे कुणी तरी वाचले, त्यावर प्रश्न विचारले, तरच त्यांना अर्थ.

मोठ्या घरात आणखी एक गोष्ट नेहमी गाळली जाते: ते घर कुणाच्या जमिनीवर उभं आहे. राष्ट्रपती भवनात ३४० खोल्या आहेत. १९११मध्ये राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला न्यायचं ठरलं, तेव्हा रायसीना, मालचा अशा गावांची जमीन १८९४च्या भूसंपादन कायद्याखाली घेतली गेली. टेकडीला आजही रायसीना म्हणतात. ज्यांची ती शेतं होती त्यांचं काय झालं, हे टेकडी सांगत नाही. आता राष्ट्रपती भवनाचं संग्रहालय आहे, हैदराबादचं राष्ट्रपती निलयम आणि सिमल्याजवळ मशोब्र्याचं राष्ट्रपती निवासस्थान २०२३पासून लोकांना खुलं झालं, ही चांगली गोष्ट झाली. पण भंडारदऱ्याचं धरण १९२६मध्ये पुरं झालेलं पाहिलेल्या आणि नंतर निळवंडे धरणाचं पाणी चढताना पाहिलेल्या या तालुक्यातल्या माणसानं तिथे गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायला हवा. विस्थापन काय असतं हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपण तो प्रश्न विचारला नाही तर तो विचारणार कोण?

आता आपल्या मराठी राष्ट्रपतींकडे येऊ. प्रतिभाताई पाटील जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावच्या. १९६२मध्ये, वयाच्या सत्तावीसाव्या वर्षी, त्या विधानसभेवर निवडून गेल्या. पुढे राज्यात मंत्री, मग खासदार, राजस्थानच्या राज्यपाल आणि २००७ ते २०१२ देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. उद्या खानदेशात त्यांच्या नावानं दालन करायचं ठरलं तर काय ठेवावं? परदेशी पाहुण्यांनी दिलेल्या भेटी ठेवल्या जातील, यात शंका नाही. माझ्या यादीत मात्र १९६२नंतरची त्यांची विधानसभेतली भाषणं आधी येतील, कारण साठच्या दशकात सभागृहात बाईनं बोलायचं म्हणजे काय, हे त्यातून कळेल. नोकरी करणाऱ्या बायकांसाठी त्यांनी उभी केलेली वसतिगृहं येतील. त्यांच्या नावाच्या महिला सहकारी बँकेचा परवाना २००३मध्ये रिझर्व्ह बँकेनं रद्द केला, तोही कागद येईल. सहकार कसा उभा राहतो आणि कसा बुडतो, हे नगर जिल्ह्याइतकं कुणाला ठाऊक आहे? निवृत्तीनंतर राहायला पुण्यात खडकीला लष्कराची जमीन देण्यावरून २०१२मध्ये वाद झाला आणि त्यांनी ती जागा नाकारली, हेही येईल. माजी राष्ट्रपतीला निवृत्तीनंतर देशानं किती मोठं घर द्यावं, हा प्रश्न अशाच दालनात विचारायचा.

आणि सगळ्यात आधी येईल दयेच्या अर्जांचं दालन. प्रतिभाताईंनी फाशीच्या अनेक शिक्षा जन्मठेपेत बदलल्या. काहींना ते करुणेचं काम वाटलं, काहींना ज्यांची माणसं मेली त्यांच्यावरचा अन्याय वाटला. याच पदावरून कलामांनी धनंजय चटर्जीचा अर्ज फेटाळला आणि ऑगस्ट २००४मध्ये त्याला फाशी झाली. एकाच राज्यघटनेनं दिलेला एकच अधिकार, दोन माणसं, दोन निर्णय. एका माणसाचा जीव वाचवणं किंवा न वाचवणं एका सहीवर येऊन थांबतं. यापुढे सोन्याची घड्याळं आणि चांदीची तबकं कुणाला आठवतील?

नगरच्या किल्ल्यातही हेच सूत्र लावून पाहू. तिथे जाणाऱ्याला नेहरूंची खोली पाहायची असते, कारण १९४४मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत तिथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून झालं आणि ते पुस्तक त्यांनी किल्ल्यातल्या सहकैद्यांनाच अर्पण केलं. ते योग्यच. पण मौलाना आझाद त्याच कैदेत पत्रं लिहीत होते. ती धाडायची सोय नव्हती, तरी लिहीत होते. चहाविषयी, कोठडीत घरटं करणाऱ्या चिमण्यांविषयी, ईश्वराविषयी. पुढे त्यांचंच ‘गुबार-ए-खातिर’ हे उर्दू गद्याचं मानाचं पुस्तक झालं. त्यांची पत्नी झुलेखा कलकत्त्यात अत्यवस्थ होती. सरकारकडे अर्ज केला तर भेटायला जाता येईल, असं सुचवलं गेलं. त्यांनी अर्ज केला नाही. ९ एप्रिल १९४३ला ती गेली. चिमण्यांच्या गमती लिहिणारा आणि अर्ज न करणारा हा एकच माणूस आहे. त्याचा तो निर्णय बरोबर होता का? पत्नीची बाजू कोण मांडणार? असा एक प्रश्न घेऊन पोरं किल्ल्यातून बाहेर पडली तर सहल सार्थकी लागली म्हणायची. त्या बारा जणांत कुणी इतिहास लिहीत होतं, कुणी बौद्ध तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचं भाषांतर करत होतं. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी, तटबंदीच्या आत, देशातली एक उत्तम अभ्यासिका चालू होती आणि आपल्या पाठ्यक्रमात तिचा उल्लेख एका ओळीचा.

हे सगळं मोठ्या पदांपुरतं नाही. सवय लागली की ती गावात उपयोगी पडते. आपल्याच तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे. इंग्रज आणि सावकारांविरुद्ध त्यांनी महादेव कोळ्यांचं बंड उभं केलं. २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. इंग्रजी कागदांत ते दरोडेखोर आहेत. गावच्या गीतांत आणि मनात ते नायक आहेत. त्यांच्या स्मारकात पुतळा असेल, घोडा असेल, तलवार असेल. त्याबरोबर त्या काळच्या कर्जरोख्याचा एक नमुना, सावकारी व्याजाचा हिशोब, इंग्रज अधिकाऱ्यांच्या अहवालाचं मराठी भाषांतर आणि म्हाताऱ्या माणसांच्या आवाजातली ती गीतं हेही असायला हवं. बंड का झालं हे तलवार सांगत नाही, व्याजाचा आकडा सांगतो.

कायद्याचाही थोडा आधार आहे. १९९३चा सार्वजनिक अभिलेख कायदा सरकारी कागद जपायला सांगतो, पंचवीस वर्षांहून जुने आणि कायम जपण्याजोगे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात जावेत अशी त्यात व्यवस्था आहे. पण पद सोडताना माणूस खासगी म्हणून जे कागद घरी नेतो त्यांचं भवितव्य कुटुंबाच्या मर्जीवर राहतं. मुलं जपणारी असली तर जपतात, नसली तर रद्दीत जातात, आणि कधी आवडीचे तेवढे ठेवले जातात. राष्ट्रपती असोत, मुख्यमंत्री असोत किंवा साखर कारखान्याचे अध्यक्ष असोत, ज्यांनी लोकांच्या वतीनं सह्या केल्या त्यांच्या सह्यांचे कागद लोकांचे, असा स्पष्ट कायदा आपल्याकडे व्हायला हवा. त्यानं स्मारकांचा खर्च वाढणार नाही. उलट पुतळ्यांवरचा खर्च कमी होईल, कारण दाखवायला काही तरी खरं हाताशी असेल.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. अकोले तालुक्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की यंदाच्या सहलीत एक दिवस नगरच्या किल्ल्याचा धरा. लष्कराच्या परवानगीची चौकशी महिनाभर आधी करा. जाण्यापूर्वी वर्गात मुलांना सांगा, आझाद कोण, त्यांना त्या वेळी काय ठरवावं लागलं. परत आल्यावर एकच प्रश्न द्या: तू तिथे असतास तर काय केलं असतंस, आणि का? पालकांनो, पुढच्या वेळी दिल्ली, रामेश्वरम किंवा पाटण्याला गेलात तर पलंग पाहून झाल्यावर तिथल्या कर्मचाऱ्याला एक गोष्ट जरूर विचारा: साहेबांनी सही केलेला एखादा कागद इथे आहे का? नाही म्हणाले तर अभिप्रायाच्या वहीत तेवढंच लिहा. अशी शंभर माणसांनी लिहिलेली वही कोणत्याही व्यवस्थापनाला फार काळ झाकून ठेवता येत नाही.